घरचा सोडा, दोन किलोचा सिलिंडर: आधी वजन, मग पैसे

गॅस भरून देणाऱ्याशी वाजलं, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर घरी सोडा बनवायचा हा सरंजाम गेले कित्येक महिने इतका सुरळीत चाललाय की तक्रारीला जागाच नव्हती.

सामान नेहमीचंच: दोन किलोचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर, गॅसचा दाब कमी करणारा दोन काट्यांचा रेग्युलेटर (एक काटा सिलिंडरमधला दाब दाखवतो, दुसरा बाटलीकडे जाणारा), नळी, बाटलीत गॅस सोडायची स्टीलची कार्बोनेशन कॅप आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या.

या वेळी सिलिंडर भरून झाल्यावर दुकानदाराने रेग्युलेटर लावून काटा दाखवला. "बघा साहेब, साठच्या वर. फुल्ल आहे." काटा साठ बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) वर होता हे खरंच. पण घरी आणून ताणकाट्याला टांगला, मानेवर ठोकलेलं रिकामं वजन वजा केलं, तर आत जेमतेम सव्वा किलो. पैसे मात्र दोन किलोचे. परत गेलो तर म्हणे तुमचाच वजनकाटा खराब. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, तिथेही तेच निघालं. तरी पैसे परत मिळाले नाहीत.

सगळ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिलिंडरच्या बाजूचा काटा गॅस किती उरलाय ते सांगतच नाही. आत गॅस द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो. २० अंशांना साधारण ५७ बार, ३० अंशांना ७२. मग सिलिंडर गच्च भरलेला असो की तळाला आलेला. काटा उतरायला लागला की समजायचं, द्रव संपला, आता उरलाय तो शेवटचा वारा.

जास्त भरून घेणं तर कमी मिळण्यापेक्षा वाईट. ३१ अंशांच्या वर आत द्रव म्हणून काही राहत नाही, आणि आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. त्या उन्हात नीट भरलेल्या सिलिंडरचाही दाब शंभर बारच्या वर जातो. म्हणून आत मोकळी जागा ठेवूनच भरतात. कुणी प्रेमाने "थोडा जास्त टाकलाय" म्हणाला तर घेऊ नका. पैसे आणि जीव, दोन्ही वजनकाटाच सांभाळतो. आता मी भरण्याआधी आणि भरल्यावर, दोन्ही वेळा समोर वजन करून घेतो. नवीन दुकानदार काही न बोलता करून देतो. गॅस खाण्यापिण्याच्या दर्जाचाच हवा, हेही त्याला आधी विचारून घेतलं.

पूर्वी मी लोकांना सांगायचो की रोज सोडा पिणारं घर असेल तरच या भानगडीत पडा. ते मत बदललंय. सोडा करायच्या तयार यंत्रासोबत मिळणाऱ्या छोट्या सिलिंडरमध्ये चारशे ग्रॅमच्या आसपास गॅस असतो आणि किलोमागे तो कित्येक पट महाग पडतो. इथे गळती धरूनही एका किलोत शंभरेक लिटर सोडा होतो. आठवड्याला दोन-चार बाटल्या लागणाऱ्या घरालाही परवडतं.

सोडा चढवायला पाणी फ्रिजमधलं, अगदी गारेगार हवं. चार अंशांच्या पाण्यात तीस अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त गॅस विरघळतो. बाटली पाऊण भरायची, दाबून वरची हवा पार काढायची, कॅप लावायची, ४० पीएसआयवर (हेही दाबाचंच माप, बाटलीच्या बाजूच्या काट्यावर बघायचं) गॅस सोडून अर्धा मिनिट जोरात हलवायची. चेपलेली बाटली टणक होते आणि हलवताना नळीतून गॅस जातानाचा सूं आवाज हळूहळू बंद पडतो. तो थांबला की झालं. लिंबू, मीठ, संत्र्याचा रस, सगळं नंतर पेल्यात. आधी घातलं तर फेस कॅपमध्ये शिरतो. बाटली फक्त सोड्या-कोल्ड्रिंकचीच वापरा. साध्या पाण्याची पातळ बाटली नको आणि काचेची तर मुळीच नको.

सिलिंडर उभाच ठेवायचा आणि भिंतीला साखळीने बांधायचा. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. जोडणीतला वॉशर स्वस्त असतो, दर वेळी नवा घाला आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. हा गॅस हवेपेक्षा जड, त्याला वास नाही. दोन किलो गॅस म्हणजे हजार लिटरच्या वर. दहा बाय दहाच्या बंद खोलीत एवढा सुटला तर हवेतलं प्रमाण चार टक्क्यांच्या घरात जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. माझा सिलिंडर मागच्या उघड्या व्हरांड्यात, सावलीत असतो. झोपण्याआधी मुख्य व्हॉल्व्ह बंद.

दर पाच वर्षांनी सिलिंडरची पाण्याच्या दाबाची चाचणी लागते, तिची तारीख मानेवरच ठोकलेली असते. जुना सिलिंडर विकत घेत असाल तर आधी ती वाचा. माझ्या सिलिंडरच्या चाचणीची मुदत पुढच्या वर्षी संपते. ते काम त्या जुन्या दुकानाकडे जाणार नाही.