हिंसा रोखण्याच्या कामात जायचंय? आधी ठरवा, ऐकलेलं कुणाला सांगणार

हिंसा रोखण्याचं काम करायचं ठरवून नोकरी शोधायला बसलात की पहिला घोळ हा होतो, की एकाच नावाखाली निदान चार निरनिराळी कामं चाललेली दिसतात. जाहिरातींची भाषा मात्र एकच: वस्तीपातळीवर काम, जोखमीतले गट, संवादकौशल्य आवश्यक. एका कामात चोख असलेला माणूस दुसऱ्यात नेऊन बसवला तर तो लवकरच थकतो, आणि त्याच्या भरवशावर राहिलेली माणसं उघड्यावर पडतात.

पगार, कामाच्या वेळा, जिवाला धोका, हे तुम्ही तपासालच. माझ्या मते खरा फरक दुसरीकडे आहे. समजा, कुणीतरी तुमच्या कानाशी येऊन सांगून गेला, की आज रात्री ती पोरं अमक्याला गाठणार आहेत. हे तुम्ही कुणाला सांगाल? चार कामांत या प्रश्नाची चार उत्तरं आहेत. त्यातलं कुठलं तुमच्या स्वभावाला झेपतं, त्यावर बाकीचं बरंचसं ठरतं.

रस्त्यावरचा मध्यस्थ

या कामाची सगळ्यात गाजलेली पद्धत शिकागोत आकाराला आली. गॅरी स्लटकिन हे साथरोगांचे डॉक्टर. आफ्रिकेत क्षय, कॉलरा आणि एड्सवर वर्षानुवर्षं काम करून ते परतले, तेव्हा शहरातल्या गोळीबाराचे नकाशे त्यांना साथीच्या नकाशांसारखे वाटले. एक घटना, मग तिच्याच आजूबाजूला दुसरी, तिसरी. २००० साली वेस्ट गारफिल्ड पार्क या भागात त्यांचं काम सुरू झालं. विचार साधा होता: पहिल्या गोळीचा बदला घेतला जाण्याआधी मध्ये कुणीतरी पोचलं, तर पुढची साखळी तुटते.

पोचणारा कोण, इथेच सगळी मेख आहे. तो स्वतः टोळीत राहिलेला, बऱ्याचदा तुरुंगात जाऊन आलेला आणि आता त्यातून बाहेर पडलेला असतो. भांडणाचं कारण बाहेरच्याला फुटकळ वाटेल: उसने पैसे, मैत्रीण, सोशल मीडियावर मारलेला टोमणा. मध्यस्थ त्यावर निवाडा देत बसत नाही. तो वेळ काढतो. पोराला गाडीत घालतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला नेतो, मनसोक्त शिव्या घालू देतो. मग चारचौघांत मान खाली न जाता माघार कशी घेता येईल ते बघतो. 'मी आडवा आलो म्हणून थांबलास, असं सांग सगळ्यांना.' एवढ्यावर कित्येकदा भागतं, कारण पोरालाही मनातून मारामारी नको असते. त्याला फक्त भेकड ठरायचं नसतं.

ऐकलेलं कुणाला सांगायचं? पोलिसांना नाही. इथे हा नियम काटेकोर आहे. खबऱ्या असल्याचा संशय एकदा आला की त्या माणसाचं काम संपलं, आणि कदाचित तो स्वतःही. गुन्ह्याची कुणकुण लागूनही गप्प राहणं तुम्हाला पटत नसेल तर तुमचं चुकतंय असं नाही. फक्त ही जागा तुमची नाही.

आणखी एक गोष्ट ऐकायला बरी वाटणार नाही. ती जुनी ओळख, तो गल्लीतला दबदबा तुमच्याकडे नसेल, तर कुठलंही प्रशिक्षण तो देऊ शकत नाही. पदवी घेऊन आलेल्यांचं काम मध्यस्थांच्या पाठीशी असतं: नोंदी ठेवणं, निधी सांभाळणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मध्यस्थांना धरून ठेवणं. ज्या पोराला महिनाभर समजावलं त्याच्याच अंत्यविधीला मध्यस्थाला जावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्रांना शांत करायला पुन्हा तिथेच उभं राहावं लागतं. त्याची विचारपूस करणारं कुणी नसेल तर तो टिकत नाही.

परिणामांबद्दल म्हणाल तर चित्र संमिश्र आहे. काही वस्त्यांत गोळीबार ठळकपणे घटला. पण पिट्सबर्गमध्ये याच धर्तीवरच्या उपक्रमाची तपासणी झाली तेव्हा खून कमी झालेले दिसले नाहीत, उलट गंभीर हल्ले वाढलेले आढळले. तेव्हा नाव तेच असलं तरी प्रत्येक ठिकाणी माणसं कोण घेतलीत आणि त्यांच्यावर देखरेख कशी आहे, हे बघितल्याशिवाय भुलू नका.

पोलिसांच्या शेजारच्या खुर्चीवर

बॉस्टनमध्ये १९९६ साली दुसरी वाट धरली गेली. शहरातल्या तरुणांच्या खुनांपैकी बरेचसे मूठभर टोळ्यांतल्या मूठभर पोरांभोवती फिरतात, हे आधी शोधून काढलं. मग त्या पोरांना बैठकीला बोलावलं. समोर पोलिस, प्रोबेशन अधिकारी, समाजसेवक, धर्मगुरू. निरोप एकच: गोळीबार थांबवा, मदत हवी असेल तर आत्ता सांगा, पण एकाने गोळी झाडली तर कारवाई साऱ्या टोळीवर होईल. पुढच्या अभ्यासात तरुणांचे खून ६३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्याच काळात अमेरिकेत इतरत्रही हिंसा उतरणीला लागली होती, त्यामुळे श्रेय किती द्यायचं यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत २००५ साली हिंसा कमी करणारं खास पथक उभं केलं ते तर पोलिसांनीच, आणि २००८ पासून टोळ्यांतल्या पोरांना थेट कोर्टाच्या दालनात बोलावून अशाच बैठका घेतल्या.

इथे कानावर पडलेलं टेबलावर जातं, आणि टेबलावर पोलिस असतात. पोरांनाही ते ठाऊक असतं, त्यामुळे लपवाछपवी नाही. पण तुमची खुर्ची 'मदत' या शब्दाची आहे आणि शेजारची 'धाक' या शब्दाची, हे विसरू नका. धाक दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होतो. नोकरी, घर, व्यसनमुक्ती केंद्रातली जागा मिळायला महिने लागतात. शब्द खोटा पडला की तोंडावर ऐकून घ्यायची वेळ तुमच्यावर येते, अधिकाऱ्यावर नाही. बैठका, पाठपुरावा आणि सरकारी खात्यांशी चिवट भांडण ज्यांना जमतं, त्यांना हे काम लाभतं.

रुग्णालयातली खाट

नव्याने येणाऱ्याने कुठून सुरुवात करावी असं मला विचाराल, तर मी इथूनच म्हणेन.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये याची सुरुवात झाली. चाकू लागलेला किंवा गोळी लागलेला तरुण अजून खाटेवर असतानाच कुणीतरी त्याच्यापाशी जाऊन बसायचं. ग्लासगोतही २०१५ पासून तातडीच्या विभागात अशी माणसं नेमली गेली. वेळ मोलाची असते. पोरगा घाबरलेला असतो, दुखत असतं, आयुष्यात पहिल्यांदा त्याला पळून जाता येत नसतं. पण बाहेर कॉरिडॉरमध्ये दोस्त फोनवर असतात, आणि 'कुणी केलं' याचं उत्तर सापडलं की रात्रीच हिशेब चुकता करायचा बेत चाललेला असतो.

म्हणून अनुभवी कार्यकर्ता 'कुणी मारलं' हे विचारतच नाही. तो विचारतो, 'डिस्चार्ज मिळाल्यावर जाणार कुठे?' ज्या गल्लीत वार झाला त्याच गल्लीत घर असेल, तर पुढचं सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं. मग कंटाळवाणी कामं सुरू होतात, आणि खरा फरक तिथेच पडतो: ड्रेसिंगच्या तारखा, हरवलेली ओळखपत्रं, कोर्टाची तारीख, रात्री झोप न लागणं, दार वाजलं की दचकणं.

गुपिताचं इथलं गणित मध्यम मार्गाचं आहे. रुग्णाशी झालेलं बोलणं रुग्णालयात राहतं. पण अनेक देशांत गोळीची जखम पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं, आणि कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर गप्प बसता येत नाही. ही मर्यादा पहिल्याच भेटीत, पोरगा तोंड उघडण्याआधी सांगायची. नंतर सांगितली तर तो दगा ठरतो.

याच इमारतीतलं आणखी एक काम कुणाच्या नजरेत भरत नाही. ब्रिटनमधल्या कार्डिफचे जबड्याचे सर्जन जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं, की मारहाणीत जखमी होऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची पोलिसदफ्तरी नोंदच नसते. मग नोंदणी खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी दोन-चार प्रश्न विचारायला सुरुवात केली: कुठे घडलं, कधी, कशाने मारलं. नाव-गाव काढून टाकलेली ही माहिती पोलिस आणि नगरपालिकेकडे जाते, आणि मग कुठल्या रस्त्यावर कुठल्या वेळी माणसं उभी करायची हे ठरतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत हिंसेमुळे दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. कुणाचंही गुपित न फोडता! माणसांपेक्षा तक्त्यांशी तुमचं जास्त जमत असेल तर लाजू नका, ही जागा बघा.

घराच्या आतली हिंसा

इथे हल्लेखोर अनोळखी नसतो. तो त्याच घरात असतो आणि मार खाणाऱ्या बाईचा फोन तपासत असतो. म्हणून तिला फोन लावल्यावर तुमचं पहिलं वाक्य 'काय झालं?' असं नसतं. ते असतं, 'आत्ता बोलणं सुरक्षित आहे का?' ती 'राँग नंबर' म्हणाली तर मुकाट फोन ठेवायचा, आणि पुन्हा लावायचा नाही.

या कामात ठोस साधनं आहेत, ही जमेची बाजू. अमेरिकी संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात जिवाचा धोका मोजणारी प्रश्नावली तयार केली. जोडीदाराने पूर्वी एकदा जरी गळा आवळला असेल, तर पुढे खून होण्याची शक्यता सुमारे सात पट असते, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. गळ्यावर वळ नसला तरी. आणि सोडून जायचा काळ हा सर्वात धोक्याचा. त्यामुळे 'सोडून का देत नाहीस?' हा प्रश्न नुसता असभ्य नाही, घातक आहे.

माहितीचा नियम: तिच्या संमतीने. अपवाद जिवावरच्या धोक्याचा. २००३ पासून कार्डिफमध्ये अशा प्रकरणांसाठी पोलिस, आरोग्य, निवास आणि पीडितेच्या बाजूने बोलणारी व्यक्ती एकत्र बसू लागली, आणि ती पद्धत पुढे देशभर पसरली. संमतीशिवाय सांगावं लागलं तर तसं तिला कळवलं पाहिजे, आणि तेवढ्यानेही ती तुटू शकते. ती परत त्या घरी जाईल, कदाचित अनेकदा. दर वेळी तुम्हाला तिचाच राग येणार असेल तर या वाटेला जाऊ नका.

शाळेतलं काम मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, कारण तिथे पोरं अजून त्या टोकाला गेलेली नसतात. तरी एक नमुना सांगतो. शिकागोच्या 'बिकमिंग अ मॅन' उपक्रमात एका मुलाच्या मुठीत चेंडू देतात आणि जोडीदाराला सांगतात, ३० सेकंदांत तो मिळव. जवळजवळ सगळे झोंबाझोंबी करतात. 'दे ना' असं म्हणायचं कुणाला सुचत नाही. उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. तो संपल्यावर ही घट टिकली नाही. मुलांत रमणाऱ्यांनी हे काम जरूर घ्यावं, पण एका वर्षाच्या प्रकल्पात नको.

वाट ठरली की मुलाखतीत पाहुणचाराला भुलू नका, उलट प्रश्न विचारा. माहिती कुणाला, कधी द्यायची याचा लेखी नियम आहे का? एकाकडे केसेस किती? जवळची केस दगावली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का, आणि कुणाशी बोलायची सोय आहे का? निधी किती वर्षांचा आहे? शेवटच्या प्रश्नाला 'मार्चपर्यंत, मग बघू' असं उत्तर आलं, तर तिथे मध्यस्थाचं किंवा घरगुती हिंसेचं काम घेऊ नका. जिने विश्वास टाकला तिला एप्रिलमध्ये फोन कोण उचलणार? आकडेवारीचं काम मात्र तेवढ्या मुदतीतही करता येतं. नोंदवही तुमच्यानंतर दुसरा चालवू शकतो.