घरी बसून ऐकायला आधी ‘सत्याग्रह’ की ‘अखनातेन’?

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचे सुटे तुकडे ऐकून झाले, आता त्याचा एक अख्खा ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य धर्तीचं संगीतनाटक, ऐकायचा असं ठरवलं की माझ्यापुरती नावं दोनच उरतात. ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा पहिल्यांदा नकोच. तिथे गाण्याचे शब्द म्हणजे बहुतेक आकडे आणि स्वरांची नावं, आणि धीर लागतो तो वेगळाच. राहिले ‘सत्याग्रह’ (१९८०) आणि प्राचीन इजिप्तच्या राजावरचा ‘अखनातेन’ (१९८४). सोलापुरात हे रंगमंचावर बघायला मिळत नाही, त्यामुळे मी बोलतोय ते फक्त ध्वनिमुद्रणाबद्दल: ‘सत्याग्रह’चं न्यूयॉर्क सिटी ऑपेराचं, क्रिस्टोफर कीनच्या संगीत-संचालनातलं, आणि ‘अखनातेन’चं स्टुटगार्टचं, डेनिस रसेल डेव्हिसच्या संचालनातलं.

मी सुरुवात अर्थातच ‘सत्याग्रह’ने केली. गांधीजींचा ऑपेरा, शब्द सगळे गीतेतले, संस्कृतमध्ये. आणि मी राहतो त्या गावात चार पुतळ्यांवरून गेल्याशिवाय दिवस जात नाही. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा हे गाव उठलं, मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्मे दिले. ऑपेरातली गोष्ट आफ्रिकेतली आहे, पण शब्द तर आपलाच. माझ्यासाठीच केलाय असं समजून मी स्पीकर लावला.

चेलोवर (व्हायोलिनच्याच कुळातलं, पण खालच्या आवाजाचं वाद्य) एकटा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष-गायक, सुरू होतो. पहिल्या अध्यायातला श्लोक: ‘योत्स्यमानानवेक्षेऽहं य एतेऽत्र समागताः’. आई स्वयंपाकघरात शेंगाची चटणी कुटत होती. बत्त्याचा आवाज थांबला. ती दारात आली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “पहिला अध्याय म्हणतोय ना हा? मग असं का म्हणतोय?” आणि पुढची ओळ तिनेच म्हणून दाखवली, ‘धार्तराष्ट्रस्य दुर्बुद्धेर्युद्धे प्रियचिकीर्षवः’, प्रत्येक जोडाक्षर जागच्या जागी.

तिथेच माझं ऐकणं बिघडलं. गायक थोर आहेत, याबद्दल शंका नाही. पण एकेक अक्षर चार-चार स्वरांवर ताणलं की ऱ्हस्व-दीर्घ राहत नाही, आणि आठ अक्षरांचा चरण कानात बसलेला असला की तो मोडलेला लगेच कळतो. ‘ध’चा ‘द’ झालेला, मधलाच एखादा शब्द ओळखू आलेला, पुढचा निसटलेला. मग मन तो शब्द शोधायला निघतं. या संगीतात तर शोधायचं काहीच नसतं; स्वरांची एक आकृती पुन्हापुन्हा येते, हळूच एक मात्रा वाढते, आणि ती वाढ ऐकत बसायचं असतं. मला ते पहिल्या तीनही खेपांना जमलं नाही. मी परीक्षकासारखा ऐकत होतो. ज्यांनी शाळेत गीतापठणाच्या स्पर्धेत पंधरावा अध्याय म्हटलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ज्यांचा गीतेशी तसा संबंध आला नाही, त्यांना कदाचित ही अडचण येणारही नाही.

‘अखनातेन’मध्ये प्राचीन इजिप्शियन, अक्कादियन, हिब्रू. मला गाण्यातलं एक अक्षर कळत नाही, आणि त्यामुळेच कान मोकळा राहतो. शिवाय यात व्हायोलिनच नाहीत. स्टुटगार्टच्या मोठ्या नाट्यगृहाचं काम चालू होतं, प्रयोग छोट्या नाट्यगृहात करायचा होता, वादकांना जागा कमी, म्हणून ग्लासने व्हायोलिन काढूनच टाकली. उरलेल्या व्हायोला-चेलोंमुळे सगळा रंग गडद, खालचा झालाय. आमच्या पूर्व भागात रात्री एखादा यंत्रमागाचा कारखाना चालूच असतो. मागाच्या खटखटीत बारीक, वरचे आवाज बुडतात. हा आवाज बुडत नाही. आणि राजाचं सूर्यस्तोत्र ग्लासने मुद्दाम श्रोत्यांच्या भाषेत ठेवलंय, या मुद्रणात इंग्रजीत. तासाहून जास्त वेळ अगम्य गाणं ऐकल्यावर एकदम अर्थ लागतो. तो लागावा असाच लागतो.

नुसतं ऐकणाऱ्याला आणखी एक सोय आहे. ‘अखनातेन’मध्ये लेखनिक मधूनमधून इंग्रजी गद्यात बोलतो, त्यामुळे आपण कुठे आहोत ते समजतं. ‘सत्याग्रह’मध्ये गाणं गीतेचं आणि घडतंय भलतंच. दुसऱ्या अंकात डर्बनमध्ये जमाव गांधीजींवर चालून येतो आणि पोलीस अधिकाऱ्याची बायको, मिसेस अलेक्झांडर, छत्री उघडून त्यांना वाचवते. ऐकताना छत्री कुठून दिसणार? कोरसचं ‘हा हा हा’ तेवढं अंगावर येतं. ते मात्र विसरत नाही.

‘अखनातेन’मध्येही खटकणारं आहे. राजा पहिल्या अंकात बराच वेळ तोंडच उघडत नाही. आणि उघडतो तेव्हा आवाज काउंटरटेनरचा, म्हणजे पुरुषाचा पण बायकी पट्टीतला. नेफरतितीबरोबरच्या युगुलगीतात दोघांचे आवाज इतके जवळ येतात की राजा कोणता नि राणी कोणती, हे मला अजूनही थांबून ठरवावं लागतं. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकलेल्या घरात निदान त्या आवाजाने कुणी दचकत नाही.

तरी ‘सत्याग्रह’ सोडू नका. त्याचा शेवट माझ्या मते ‘अखनातेन’च्या शेवटाहून मोठा आहे. गांधी ‘बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन’ गातात, आणि सूर म्हणजे फक्त एक चढती सप्तक-पट्टी, पुन्हा खाली येऊन पुन्हा चढणारी. पाश्चात्त्य लोक तिला फ्रिजियन म्हणतात. कोमल रे, कोमल ग, कोमल ध, कोमल नी: आपल्याला काय ऐकू येतं ते सांगायला नको. त्या वेळी आईने उच्चाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाली, “भैरवी घेतलीय की.”

म्हणून माझा क्रम असा: आधी ‘अखनातेन’, जेवणं उरकल्यावर, हेडफोन लावून, एका बैठकीत. मग महिनाभराने ‘सत्याग्रह’, आणि तोही तिसऱ्या अंकापासून.