लेथवर घेतलेल्या डिस्क आणि ड्रम: काही महिन्यांनंतर

गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क आणि मागचे ब्रेक ड्रम लेथवर टर्न करून, म्हणजे पृष्ठभाग थोडा खरवडून सपाट करून घेतले, त्याला आता बरेच महिने झाले. मधे पावसाळा गेला, सामान भरून लांबचे उतारही झाले. काम टिकलं आहे.

तक्रार अशी होती की वेगात ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरायचं आणि पेडल पायाला धक्के द्यायचं. याला सरसकट ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. फरक शतांश मिलिमीटरमध्ये असतो, तरी पायाला कळतो.

म्हणून आधी मोजमाप. मायक्रोमीटरने डिस्कभोवती सात-आठ जागी जाडी घ्यायला लावा. साधा व्हर्नियर कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. टर्निंगनंतरही त्या आकड्याच्या वर पुढच्या झिजेपुरता धातू उरला पाहिजे. पातळ डिस्क लवकर तापते, इथे तडजोड नकोच.

माझ्या मते सगळं यश हबमध्ये, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागात आहे. डिस्क जिथे बसते तिथला गंज ब्रशने घासून हब चकचकीत केला, मगच ती चढवली. गंजाचा एक कण मधे राहिला तरी डिस्क डगमगत फिरते, दर फेरीला त्याच जागी पॅडला (ब्रेक लावताना डिस्क दाबून धरणाऱ्या तुकड्यांना) घासते आणि काही महिन्यांत थरथर परत येते. ‘टर्निंग टिकत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हब साफ झाला होता का, हे जरूर विचारावं. चाकाचे नटही समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने सारखे आवळून घेतले. टर्निंगनंतर डिस्क साबणाच्या पाण्याने धुतली, कारण बारीक कीस पृष्ठभागावर चिकटून राहतो. पॅड नवे टाकले आणि सुरुवातीला मध्यम वेगावरून हलके ब्रेक मारत ते बसवले.

ड्रमचा फायदा मला जास्त वाटला. कडेला पडलेला कंगोरा गेला, खरखर थांबली. इथे मर्यादा उलटी, म्हणजे कमाल व्यासाची. दोन्ही बाजूंचा व्यास सारखा ठेवायला सांगा, नाहीतर मागचे ब्रेक असमान लागू शकतात. व्यास वाढल्यावर शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) सुरुवातीला मधल्या भागातच टेकतात, त्यामुळे पकड काही दिवस मऊ वाटली. शू ॲडजस्ट केल्यावर हँडब्रेकही कमी दात्यांवर लागू लागला.

पावसात गाडी उभी राहिली की सकाळी डिस्कवर गंजाची झाक दिसते, पहिल्या एक-दोन ब्रेकमध्ये ती निघून जाते. त्याने घाबरू नका.

नव्या डिस्कची किंमत टर्निंगच्या जवळपास येत असेल तर मी नव्याच घ्या म्हणेन. माझ्या डिस्कमध्ये पुन्हा लेथवर घ्यायला धातू उरलेला नाही, पुढचे पॅड नव्या डिस्कसोबतच बसतील. ड्रममध्ये मात्र अजून एकदा टर्निंग होण्याइतकी जागा आहे.