बॅडमिंटन रॅकेटचे ग्रोमेट (तारेच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या): सगळे बदलायचे की फक्त गेलेले?

जुनी तार कापली की आधी रॅकेटचं डोकं बघा, कोर्टवर घासतं ते तिथंच, म्हणून ग्रोमेटही तिथलेच आधी चिरतात आणि मग तार थेट कार्बनच्या फ्रेमच्या कडेवर येते, २६ पाउंडच्या ताणाला गटिंग केलेली (म्हणजे रॅकेटमध्ये ओवून ताणलेली) ०.६६ एमएमची बारीक तार असेल तर ती फार टिकतच नाही.

फक्त गेलेले बदलले तर काम पटकन, खर्च किरकोळ, माझ्या मते बहुतेकांना एवढं पुरतं. पूर्ण सेट म्हणजे प्रत्येक ग्रोमेटचं आतलं पसरलेलं टोक कापा, टोच्याने बाहेर ढकला, नवा बसवा, वेळ जातोच. पण रॅकेट जुनी आहे, प्लास्टिक ठिसूळ झालंय, तर सगळेच बदला, नाहीतर दर गटिंगला एखादा फुटणारच.