टोकायची गोड वाइन: सामोरोद्नी घ्यावी की ऑसू?

सामोरोद्नी आणि ऑसू या हंगेरीतल्या टोकाय भागाच्या दोन वाइन. पहिल्यांदाच घेत असाल तर गोड सामोरोद्नी घ्या. स्वस्त पडते म्हणून नव्हे, तर टोकायच्या द्राक्षाची चव तिच्यात लवकर उलगडते म्हणून.

दोन्ही वाइन एकाच बागेतून येतात. ईशान्य हंगेरीत बोद्रोग आणि तिसा या नद्यांवरून शरदात सकाळी धुकं चढतं आणि बोट्रायटिस बुरशी लागते. दुपारच्या उन्हावाऱ्यात बुरशी लागलेले मणी मनुक्यासारखे आकसतात. भुरी-केवड्याने धास्तावलेल्या आपल्या बागायतदाराला हे अजब वाटेल, पण साल सच्छिद्र होऊन पाणी उडतं, साखर आणि आम्ल दाट होतं. पाऊस लांबला तर मात्र तीच बुरशी घड सडवते.

फरक पडतो तो तोडणीत. सामोरोद्नीसाठी अख्खा घड कापतात. त्यात सुकलेले आणि नुसते पिकलेले मणी एकत्र असतात. ऑसूसाठी सुकलेला मणी न मणी हाताने वेचावा लागतो, त्यासाठी एकाच ओळीत अनेक फेऱ्या होतात. हे मणी रसात, आंबत्या रसात किंवा तयार वाइनमध्ये 12 ते 60 तास भिजवून मग दाबतात. पुढे ओकच्या पिंपात किमान 18 महिने. किमतीतला फरक मुख्यतः या मजुरीचा.

साखर गोड सामोरोद्नीत लिटरला किमान 45 ग्रॅम, ऑसूत किमान 120. लेबलवर 6 पुत्तोन्योश असेल तर 150. पुत्तोन्य म्हणजे मणी वेचायची पाठीवरची टोपली. 136 लिटरच्या पिंपाला किती टोपल्या, हा जुना हिशोब. 3 आणि 4 पुत्तोन्योश लिहिलेल्या बाटल्या जुन्या नियमांच्या, त्यांत साखर 60 आणि 90 पासून. एवढी साखर असूनही फुरमिंट द्राक्षाच्या आंबटपणामुळे ऑसू चिकट लागत नाही.

लेबलवर ‘एदेश’ म्हणजे गोड, ‘साराझ’ म्हणजे कोरडी, गोड नसलेली. सामोरोद्नी दोन्ही प्रकारची निघते आणि घाईत नेमकी कोरडी उचलली जाते.

निळ्या बुरशीच्या चीजबरोबर ऑसू, पीच किंवा जर्दाळूच्या टार्टबरोबर सामोरोद्नी. गुलाबजाम, बासुंदीबरोबर दोन्ही नकोत: पदार्थ वाइनहून गोड झाला की वाइन नुसती आंबट लागते. 10 ते 12 अंशांवर, लहान पेल्यात द्या. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली की ऑसू काही आठवडे सहज टिकते.