माऊंडच्या नावाखाली काळी माती: या गुत्तेदारापासून सावध राहा

परभणी, हिंगोली, नांदेडकडं ज्यांची लेकरं बेसबॉल खेळतात त्यांनी हे नक्की वाचा, कारण तो माणूस अजून फिरायलाय आणि आता लातूरकडं कामं धरायलाय असं कानावर आलंय.

माझा पोरगा अकरावीला आहे, पिचर आहे, म्हणजे बॅटवाल्याकडं बॉल टाकणारा. शाळेच्या ग्राउंडवर माऊंड, म्हणजे पिचर ज्यावरून बॉल टाकतो तो मातीचा उंचवटा, नाही, सगळी प्रॅक्टिस सपाट जमिनीवर, आणि मोठ्या स्पर्धेत एकदम चढावरून टाकायची वेळ आली की पाय कुठं पडतोय तेच कळत नाही, बॉल कुठंही जातो. म्हणून शेतातल्या आखाड्यावर मोकळी जागा होती तिथं माऊंड करून घ्यायचं ठरलं. ओळखीतून नंबर मिळाला. गुत्तेदार आला, मोबाईलवर मोठमोठ्या मैदानांचे फोटो दाखवले, म्हणला भाऊ याची स्पेशल लाल माती येते, बाहेरून मागवावी लागते, चार ब्रास लागंल. लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला आकडे मांडले, ८५ हजार, त्यातले ५० हजार आधी. यूपीआयनं दिले. पावती मागितली तर म्हणला काम झालं की पक्कं बिल देतो.

आता मापं बघा. माऊंड म्हणजे १८ फूट व्यासाचा गोल, सगळ्यात उंच जागा होम प्लेटपेक्षा (बॅटवाल्यापुढं जमिनीत बसवलेली पांढरी पाटी) फक्त १० इंच वर आणि तिथून चहूबाजूनं उतार. हिशोब लावला तर दाबून बसवलेली माती ९० घनफुटाच्या आसपास भरते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सुटी माती दाबल्यावर बसते ते धरलं तरी सव्वा-दीड ब्रासच्या पुढं काम जातच नाही. हा चारचे पैसे लावत होता, आणि ट्रॉल्या आल्या त्या पण पूर्ण भरलेल्या नव्हत्या, ट्रॉलीची लांबी रुंदी आणि मातीची उंची टेपनं मोजून १०० नं भागा म्हणजे किती ब्रास आली ते तिथंच कळतं. ड्रायव्हरच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका.

पण खरी लबाडी आत होती. जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला आणि वरचा लाल थर पापुद्र्यासारखा सुटला, बोटभर पण जाड नव्हता, हातात घेऊन चोळला तर विटाची भुकटी. खाली आपली काळी माती, त्यात विटाचे तुकडे आणि सिमेंटच्या फाटक्या गोण्या. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगा पडतात हे आपल्याकडं लहान लेकराला पण माहिती आहे, त्यावर माऊंड टिकंल कसं? पिचरचा पुढचा पाय दर बॉलला एकाच जागी आदळतो, तिथं खड्डा पडला, पोराचा पाय त्यात मुरगळून घोटा सुजला. पैशापेक्षा मला याचा राग जास्त आहे. लेकराच्या पायाशी खेळलाय तो.

रबर, म्हणजे पिचर पाय टेकवून बॉल टाकतो ती माऊंडवरची पट्टी, म्हणून जे बसवलं होतं ते पण लाकडाची फळी, पांढरा ऑइल पेंट मारलेली, पेंट उडाल्यावर खिळ्यांची डोकी दिसायला लागली. खरं रबर २४ इंच बाय ६ इंच असतं आणि होम प्लेटच्या मागच्या टोकापासून रबरच्या पुढच्या कडेपर्यंत ६० फूट ६ इंच अंतर लागतं. यानं प्लेटच्या पुढच्या कडेपासून मोजलं, म्हणजे १७ इंच जास्त. उंची पण १४ इंच केली, विचारलं तर म्हणला उंच केलं की बॉल जोरात येतो. अहो अमेरिकेत १५ इंचाचं माऊंड १९६९ ला १० वर आणलं, आता नियमच तो आहे. तुमच्याकडं कुणी काम करत असंल तर गवंड्याचा लेव्हल पाईप लावून प्लेटपासून उंची बघा. आणि उतार रबरच्या पुढं ६ इंचावर सुरू व्हायला पाहिजे, तिथून पुढच्या ६ फुटात दर फुटाला १ इंच.

माती टाकायच्या आधी मूठभर घ्या, काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, बारीक गाळ काही तासात, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. माऊंडला वाळू आणि चिकणमाती साधारण सारखी आणि थोडा गाळ असं मिश्रण लागतं, नुसती चिकण पण नको, नुसता मुरूम पण नको, त्यात बुटाचे स्पाइक्स धरत नाहीत. आणि माती इंच-इंच थरानं, पाणी मारून, धुम्मस करून बसवायची असते, यानं ट्रॉली उलटली आणि फावड्यानं वरून नुसती थापली. पाय पडतो तिथं आणि रबरच्या पुढं तर बाहेरच्या देशात न भाजलेल्या मातीच्या विटा ठोकून बसवतात.

सध्या त्याचा फोन बंद आहे. मी १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि खोदल्यावरचे फोटो जोडलेत, जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार आहे. उरलेले ३५ हजार मी दिलेले नाहीत आणि देणार पण नाही. तुमच्याकडं कुणी माऊंडचे फोटो घेऊन आला तर त्या मैदानवाल्यांचा नंबर मागा आणि त्याच्यासमोरच फोन लावा. तो टाळाटाळ करायला लागला तर एक रुपया पण सोडू नका. याच माणसाकडून आणखी कुणाचं काम झालं असंल तर मला सांगा, तक्रार सोबतच लावू.