यंदाच्या थंडीत की पुढच्या? तरुण नर बॉल पायथनची जोडी लावण्याआधी

दिवाळीनंतर मुंबईत पहाट जरा गार होऊ लागली की बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा बिनविषारी अजगर, पाळणाऱ्यांना एकच प्रश्न पडतो: पिल्लू म्हणून आणलेला नर आता मादीशी जोडी लावायला तयार झाला का? माझ्या मुलुंडच्या घरी सध्या असे दोन नर शेजारशेजारच्या टबांत आहेत. धाकटा दहा महिन्यांचा, ५६० ग्रॅम. थोरला पावणेदोन वर्षांचा, ८१० ग्रॅम.

नराला ५०० ग्रॅम पुरतात असं सर्रास म्हणतात, आणि त्या हिशेबाने दोघेही पास. धाकट्याने गेल्या आठवड्यात टाकलेली कात उलगडली तर शेपटीच्या मुळाशी दोन बारीक, पिवळसर, मेणचट काड्या चिकटलेल्या, तुटक्या शेवईसारख्या. वीर्य तयार होऊ लागल्याची ही खूण. म्हणजे शरीर सुरू झालंय. पण सुरू होणं वेगळं आणि विणीचा हंगाम झेपणं वेगळं.

हंगामात नर खाणं सोडतो, कधी दोन-तीन महिने. समजा दोघांचेही ८० ग्रॅम उतरले. थोरल्याचे ते जेमतेम १० टक्के, धाकट्याचे १४. शिवाय धाकट्याचं वाढीचं वय. त्या वयात मोडलेली भूक परत बसवताना किती जीव टांगणीला लागतो, ते मी एकदा अनुभवलंय.

म्हणून मी काट्यापेक्षा वागण्याकडे जास्त बघते. थोरल्याने लागोपाठ दोन उंदीर नाकारले आणि रात्रभर टबाच्या कडेला नाक घासत फिरतो. धाकटा एक जेवण चुकवत नाही. जो अजून जेवणावर तुटून पडतो, त्याला जेवू द्यावं.

तुमच्याकडे एकच लहान नर असेल आणि मादी १५०० ग्रॅमच्या पुढे गेलेली असेल, तर? मादीच्या मोठ्या आकाराने काही अडत नाही. दोन दिवस एकत्र ठेवा, मग आठवडाभर वेगळं, दर वेळी वजन करा. दहावा हिस्सा उतरला की त्या वर्षापुरतं थांबा.

कॉर्न स्नेकचं, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या बिनविषारी सापाचं, गणित निराळं. तिथे नर साधारण दीड-दोन वर्षांचा होऊ द्यावा, आणि बरेच जण त्याआधी दोन-तीन महिने १०-१५ अंशांचा गारवा देतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो मशीनशिवाय मिळत नाही. बॉल पायथनला रात्री २४-२५ अंश पुरतात, तेवढं आपला जानेवारी फुकट देतो.

जोडी लावण्याआधी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची आपल्या सापांची नोंद नक्की तपासा. बॉल पायथन सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे पिल्लं झाली की त्यांचीही नोंद करावी लागते. आपल्याकडचा अजगर किंवा धामण मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे घरात पाळताच येत नाही.

शनिवारी रात्री थोरल्याला मादीच्या टबात सोडतेय. धाकट्याला त्याच रात्री उंदीर.